पाच बटणांची सकाळ

पहिलं बटण लागलं तेव्हा मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर होते. फोन ऐकून मी अशी काही किंचाळले की आत खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या पेशंटनं ते घाबरून मिटलं. डॉक्टर हातातलं यंत्र तसंच घेऊन बाहेर आले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो. बटण लागलं!"

"कुणाचं?"

"बाबांचं! डाव्या हातानं! एकट्यानं!"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या फळ्यावर, दिवसभराच्या पेशंटच्या यादीच्या वरच्या कोपऱ्यात, खडूनं एक आकडा काढला : १. तेव्हापासून तो कोपरा बाबांचा झाला.

माझे बाबा शिंपी. चाळीस वर्षं शर्टच शिवले. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, अजूनही म्हणतो. त्यांच्या काजांचं कौतुक असं की लोक बटण तुटलं तरी शर्ट टाकत नसत, काजं बघून परत बटण लावायला आणत. एका सकाळी ते मशीनवर बसले आणि अंगावरून वारं गेलं. उजवा हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचीतरी वस्तू चुकून आपल्याकडे राहून गेल्यासारखा. उजवा पाय ओढत यायचा. बोलणंही गेलं, आणि मग हळूहळू परत आलं ते शिव्यांपासून. "पाणी" म्हणता येत नव्हतं तेव्हा शेजारच्या गाडीवाल्याला ते खणखणीत शिवी घालू शकत होते. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, असं होतं, चांगलं लक्षण आहे. आम्ही त्या शिवीवर खूश होऊन चहा केला.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दोन तासांच्या अंतरावर राहतो. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई नाही. म्हणून घरी येऊन सेवा देणारी एक संस्था लावली. रोज सकाळी पाऊण तास. आंघोळ, कपडे, नाश्ता, औषध, चालणं. फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला, त्यात या पाच गोष्टींचे रकाने. सेविकेनं काम केलं की खूण करायची. महिन्याच्या शेवटी संस्था खुणा मोजणार, त्यावरून सेविकेचा दर्जा ठरणार.

पहिली जी आली तिला आम्ही चकाचकबाई म्हणायचो. खरोखर चकाचक काम. बावीस मिनिटांत बाबा धुतलेले, पुसलेले, टी-शर्टात घातलेले, भरवलेले, खिडकीशी ठेवलेले. पाचही रकान्यांत खूण. मी तर तिच्या प्रेमात होते. तीन महिने बाबा खिडकीशी बसले, पत्ता लिहून झालेल्या आणि कुठेच न पाठवलेल्या पार्सलसारखे. त्या तीन महिन्यांत त्यांच्या शिव्याही बंद झाल्या. ते मला कळलंसुद्धा नाही. घर किती शांत झालंय, एवढंच वाटलं.

मग चकाचकबाईची बदली झाली आणि सावकाशबाई आल्या.

हे नाव त्यांच्याच ऑफिसनं ठेवलेलं, टोमणा म्हणून. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, केस घट्ट बांधलेले. आल्या, हात धुतले, एप्रन बांधला, आणि एक स्टूल ओढून बाबांच्या समोर बसल्या. दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली सारून, त्यांच्यावर. थंडीत शाळेतली मुलं बसतात तशा.

"मास्तर, आज कुठला शर्ट?"

तीन महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग हनुवटीनं कपाटाकडे दाखवलं. पांढरा. स्वतः शिवलेला, अर्ध्या बाहीचा, कॉलरचं सोडून पाच बटणांचा. बाईंनी उठून तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा हातांवर बसल्या.

मी दारात पर्स अडकवून उभी. कामाला उशीर होत होता.

"अहो, घालून द्या ना."

"देते की. आधी ते काय करतात ते बघू."

"त्यांना नाही येत."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरांनी शर्ट देऊन पाहिला होता?"

बाबा त्या शर्टाकडे बघत होते. मग तीन महिन्यांनी त्यांचा आवाज फुटला.

"बाई, तुम्हाला पगार बसायचा मिळतो काय?"

"हो," सावकाशबाई म्हणाल्या. "तुम्ही फुकट बसलाय, मी पगार घेऊन. आता कोण शहाणं ते ठरवा."

बाबांनी शिवी घातली. बाई उठल्या, पेन काढलं, तक्त्याच्या समासात काहीतरी लिहिलं आणि परत येऊन बसल्या. नंतर मी वाचलं : ‘एक वाक्य पूर्ण. एक शिवी.’ कपड्यांचा रकाना रिकामा होता.

त्यांच्या कामाची रीत समजायला मला महिना लागला. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. खुर्चीतून उठताना आधी पाय मागे, मग नाक पुढे, नाक पायाच्या बोटांच्या पलीकडे गेलं की अंग आपोआप उचललं जातं. हे सगळं त्या तोंडानं सांगायच्या. हात मात्र मांड्यांखाली. अगदीच गरज पडली तर एक हात बाहेर यायचा, दोन बोटं बाबांच्या कोपराला टेकायची, आणि लगेच परत जायची.

"असं का बसता हो तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"माझे हात फार आगाऊ आहेत. मोकळे सोडले की पळतातच."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षं त्या डबे भरायच्या कारखान्यात होत्या. मिनिटाला बावीस डबे, पट्ट्यावर सगळ्यांत पुढे. तिथं त्यांचं नाव होतं मशीन. मग सासूबाई आजारी पडल्या, आणि त्यांनी कारखाना सोडून सासूबाईंचं केलं. त्याच वेगानं. सासूबाईंनी चमच्याकडे हात न्यायच्या आत घास तोंडात. उशीकडे वळायच्या आत उशी डोक्याखाली. सगळं गाव कौतुक करायचं, सून असावी तर अशी.

"दोन वर्षांनी त्यांना स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येईना," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, हात चांगला होता, वापरला नाही म्हणून गेला. गेला नाही हो. मी खाल्ला तो. माझ्या या दोन हातांनी त्यांचे दोन हात खाल्ले. जाताना मला म्हणाल्या, ‘तू किती केलंस गं.’ तेच ऐकू येतं अजून."

एवढं बोलून त्या बाबांकडे वळल्या. "मास्तर, बाही गळ्यात घालायची नसते. सावकाश."

बाही तीन आठवड्यांनी जमली. मग बटणं. मी आपलं सुचवलं की चिकटपट्टीचे शर्ट मिळतात, नुसतं दाबलं की झालं. बाबांनी असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तोंडावर त्यांची कात्री विकायला काढली होती. बाईंनी तो विषय काढलाच नव्हता कधी. शिंप्याला बटणाशिवायचा शर्ट म्हणजे काय, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

अडचण खुद्द बाबांनीच सांगितली, अडखळत, पण डोळे चमकत होते. पुरुषांच्या शर्टाला बटण उजवीकडे, काज डावीकडे. उजव्या हातानं बटण धरायचं, ही सोय. डाव्या हाताला सगळं उलटं.

"चाळीस वर्षं उजव्यांसाठीच शिवत आलो. डावखुऱ्यांनी किती शिव्या घातल्या असतील मला!"

"मग बायकांचा शर्ट शिवून घेऊ या का? त्यांची बटणं डावीकडे असतात ना?" मी म्हटलं.

"मास्तरांना छान दिसेल," बाई म्हणाल्या. "थोडा कंबरेत घेऊ."

बाबा हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा हसले, एकाच गालानं, पण पुरेसं.

खालून सुरुवात करायची, तिथं दिसतं तरी. डाव्या अंगठ्यानं काज ताणायचं, बोटांनी बटण ढकलायचं. तीन आठवडे शून्य. आणि मग बाईंचा तो फोन, माझी ती किंकाळी, फळ्यावरचा एक.

पुढचे चार महिने काय सांगू! सकाळी दहाला फोन वाजला की अख्खा दवाखाना गप्प व्हायचा. एक. एक. शून्य. दोन! दोन. तीन! एकदा पुन्हा एक, तेव्हा डॉक्टर दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. दाढ काढायला आलेली माणसं कापूस तोंडात धरून बोटांनी विचारायची, किती? पाचवं बटण लागलं त्या दिवशी फळ्यावर पाच आकडा इतका मोठा काढला की दुपारच्या पेशंटची नावं लिहायला जागा उरली नाही. एकतीस मिनिटं लागली होती. मग सव्वीस झाली. मग तेवीस. आता आम्ही वेळ लिहायला लागलो.

पण तेवीस मिनिटं शर्टात गेली की पाऊण तासातलं उरतं काय? सावकाशबाई स्वतःचा वेळ घालायच्या, तासभर, सव्वा तास थांबायच्या. आणि तक्त्यात खूण करायच्या नाहीत, कारण खुणेचा अर्थ ‘सेविकेने केले’ असा छापलेला होता आणि त्यांनी ते केलं नव्हतं. रकाने रिकामे, समास काळे. ऑफिसला समास वाचायला वेळ नव्हता. त्यांच्या हिशेबात आमचं घर म्हणजे महिनोन् महिने काहीच सेवा न मिळालेलं घर.

तोवर दादानं वृद्धांच्या निवासी केंद्रात अर्ज करून ठेवला होता. त्याला मी वाईट म्हणणार नाही. वारं गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले होते आणि फोन त्याला गेला होता, मला नाही. दोन तास गाडी चालवत तो काय काय कल्पना करत आला असेल, ते त्यालाच माहीत.

"सकाळी बाई जाते, संध्याकाळी तू येतेस," तो म्हणाला. "मधल्या वेळात काही झालं तर? बटणं लावत बसणार आहेत का?"

"अरे, पण ते सुधारतायत."

"मला आनंदच आहे गं. पण केंद्रात जागा रिकामी झालीय. या महिन्यात हो म्हटलं नाही तर दोन वर्षं मिळणार नाही."

शेवटी ठरलं असं. संस्थेच्या कामाची पाहणी करायला सरकारी तपासनीस येणार होत्याच. त्याच बाबांचंही बघतील. घरी राहू शकतात की नाही, त्या लिहितील ते आम्ही दोघं मानू. दादानं हात पुढे केला, मी टाळी दिली. आतून मी जिंकलेच होते. पाच बटणं, तेवीस मिनिटं! कुणीही बघावं!

तपासणीच्या आठवडाभर आधी मी सकाळी तिथंच होते. बाबा न्हाणीघरात स्टुलावर, डाव्या हातानं स्वतः साबण लावत. पाठ तेवढी चोळून देताना बाईंचे हात फेसानं भरलेले, आणि फोन वाजला. त्यांनी कोपरानं स्पीकर चालू केला. ऑफिसमधली पर्यवेक्षक होती.

"सावकाशबाई, तुमच्या तक्त्याची लाज वाटायला लागलीय. मंगळवारी तपासनीस येतायत. त्यांच्यासमोर एक जरी रकाना रिकामा राहिला ना, तर तुम्हाला पुढच्या महिन्यापासून घरं बंद. गोदामात हातमोजे मोजत बसा."

"बरं," बाई म्हणाल्या आणि कोपरानं फोन बंद केला.

बाबा काही बोलले नाहीत. शिवीसुद्धा नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मंगळवारी नऊला आम्ही सगळे हजर. दादा पहाटे निघून आला होता. तपासनीस मॅडम सडपातळ, चष्मा दोरीनं गळ्यात, चेहऱ्यावर सहा घरांचा थकवा आणि हे पहिलंच घर. झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनच्या बाकावर त्या बसल्या, मांडीवर फॉर्म घेतला. मी तर नुसती उकळत होते. बाबा खुर्चीत, अंगात बनियन, मांडीवर पांढरा शर्ट. सावकाशबाई स्टुलावर, हात खाली.

"चला मास्तर," बाई म्हणाल्या. "लुळा हात आधी."

बाबा हलले नाहीत.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाबांची मान एका बाजूला कलली. हनुवटीवर लाळ आली, ती त्यांनी पुसली नाही. ओल्या गोणपाटासारखे ते खुर्चीत खाली खाली घसरत होते. पुन्हा वारं गेलं?

सावकाशबाई ताडकन उठल्या. बाबांच्या समोर वाकल्या. "मास्तर, हसून दाखवा. डावा हात वर. माझं बोट दाबा. काहीतरी बोला." मी मागेच होते, म्हणून बाबांचं कुजबुजणं मलाही ऐकू आलं.

"बाई, आज तुम्ही करा. सगळे रकाने भरा."

आणि त्यांनी एक डोळा मिचकावला.

मला रडावं की त्यांना धरून हलवावं कळेना. फोनवरचं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. रकाना रिकामा राहिला तर बाई जाणार, एवढंच त्यांना कळलं होतं. म्हणून हा वेडा माणूस बाईंना पैकीच्या पैकी खुणा मिळाव्यात म्हणून ओंडका झाला होता! आणि आपण ओंडका झालो की उद्या आपल्याला उचलून केंद्रात नेणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं. केंद्राचं आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. दादा म्हणाला होता, उगाच धास्ती नको.

"मॅडम," मी म्हटलं, "ते मुद्दाम करतायत. कालपर्यंत पाचही बटणं लावत होते."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. वाईट वाटून घेत नव्हत्या, चिडतही नव्हत्या. "प्रत्येक घरी मला हेच सांगतात. कालपर्यंत करत होते."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "मी काय म्हणत होतो," एवढंच तो म्हणाला, आणि त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटली.

"बाई, तुम्ही तुमचं काम करा," मॅडम म्हणाल्या. "मला अजून पाच घरं आहेत."

सावकाशबाईंनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांचे हात सुटले. मी सहा-सात महिन्यांत ते हात कधी पळताना पाहिले नव्हते. लुळा हात बाहीत, चांगला हात बाहीत, पाठ सारखी, आणि मग बटणं : टक टक टक टक टक. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. मशीन! मॅडमनी कपड्यांच्या रकान्यात खूण केली.

बाबांची नजर खाली गेली. स्वतःच्या छातीवर. तिथंच थांबली.

कॉलरचं बटण त्याच्या खालच्या काजात गेलं होतं. तिथून पुढे सगळाच घोळ. वर एक काज मोकळं, खाली एक बटण उपाशी. कॉलरची एक बाजू कानाला लागलेली, पुढचा काठ एकीकडे चार बोटं लोंबतोय.

"बाई."

"काय मास्तर?"

"हे काय?"

"शर्ट."

"काज चुकलंय."

"राहू द्या हो. वरून चादर टाकते, दिसत नाही."

"दिसत नाही?" बाबा सरळ झाले. मी शपथेवर सांगते, तो ओंडका एका झटक्यात ताठ झाला. "दिसत नाही! हा मी शिवलाय! माझी काजं आहेत ही! खालून गाढव गेलं तरी मान वर करून हसेल! हात काढा! काढा हात!"

मग दोन शिव्या. दुसरी फार जुनी होती, आमच्या आजोबांच्या काळातली.

बाई मागे झाल्या, स्टुलावर बसल्या आणि हात मांड्यांखाली सारले.

बाबांनी पाचही बटणं सोडली. सोडणं सोपं असतं. मग शर्टाचे दोन्ही काठ मांडीवर जुळवून घेतले, शिंपी कापड जुळवतो तसे, आणि सगळ्यांत खालचं काज अंगठ्यानं ताणलं. मॅडमनी पेन टोपणात घातलं. दादा खिडकीपासून वळला. माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. डॉक्टर. मी तो कानाला लावला तेव्हा पलीकडे सगळा दवाखाना श्वास धरून होता.

"किती?"

"एक," मी कुजबुजले. "ठेवू नका फोन."

दुसरं लगेच लागलं. तिसरं तीनदा निसटलं. बाबा त्याच्याशी बोलत होते, हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं, मध्येच दम भरत. दादाचे ओठ हलत होते. तो मोजत होता! तिसरं लागलं तेव्हा त्यानं खिडकीच्या कठड्यावर मूठ आपटली. चौथं. पाचव्याला बाबा थांबले, घाम पुसला, आणि तपासनीस मॅडमकडे बघून म्हणाले, "कॉलरचं सहावं मी लावत नाही. ते फोटो काढताना."

पाचवं लागलं. एकोणीस मिनिटं! फोनमधून टाळ्या ऐकू आल्या, दात दुखणाऱ्या माणसांच्या.

मॅडमनी पेन पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"आमच्या तक्त्यात तसा रकाना नाही, मॅडम," सावकाशबाई म्हणाल्या. "मी समासात लिहिते."

मॅडमनी फ्रिजवरचे तक्ते काढायला लावले. सगळे महिने. चष्मा नाकावर चढवून त्या समास वाचायला लागल्या, आधी मनात, मग मोठ्यानं. "‘लुळा हात बाहीत, नऊ मिनिटं, तीन शिव्या.’ ‘चमचा स्वतः, अर्धं सूप आत, अर्धं माझ्या एप्रनवर.’ ‘आज रडले. बटण नाही. उद्या बघू.’ ‘दोन पावलं काठीशिवाय, मला न सांगता.’" वाचता वाचता त्यांचा थकवा कुठेतरी गेला. "हे ऑफिसनं वाचलंय?"

"त्या खुणा मोजतात, मॅडम."

"हे तक्ते मी घेऊन जाते. त्यांना वाचून दाखवते. आणि तुम्ही गोदामात जायचं नाही, तिथं काय करणार तुम्ही?"

बाबांनी बाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर पोर पास झाल्याचा आनंद होता.

"पण एक प्रश्न राहिला," मॅडम म्हणाल्या. त्या आता बाबांशीच बोलत होत्या. "मास्तर, मुलानं तुमच्यासाठी केंद्रात जागा बघितलीय. माहीत आहे?"

बाबा दादाकडे वळले. दादानं मान खाली घातली.

"मला लिहायचंय, तुम्ही घरी राहायचं की तिथं. बटणं छान लागली. पण दुपारी तुम्ही एकटे असता. धूर झाला, पडलात, कुणाला बोलवायचंय, तर स्वतः दारापर्यंत जाऊन दार उघडता येईल? येत असेल तर मी ‘घरी’ लिहिते. नसेल तर मला तसं लिहिता येणार नाही."

दार खुर्चीपासून अकरा पावलं. बाबा तिथवर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा बाई त्यांच्या कमरेचा पट्टा धरून. कडी त्यांनी वारं गेल्यापासून उघडली नव्हती.

बाबांनी चार पायांची काठी जवळ ओढली.

"तुम्ही आता निघणारच ना, मॅडम?" ते म्हणाले. "मग मी येतो दारापर्यंत. घर माझं आहे."

पाय मागे. नाक पुढे. ते उठले. एक. काठी, लुळा पाय, चांगला पाय. तीन. मशीनच्या कडेला टेकले, मशीनवर हात फिरवला, पुढे गेले. पाच. सहा. चटईच्या काठाला लुळा पाय अडला आणि बाबा एका बाजूला झुकले. दादा झेपावला.

"दादा, हात!" सावकाशबाई ओरडल्या.

दादा जागच्या जागी थांबला. त्याचे हात हवेत तसेच राहिले. मग त्यानं ते दोन्ही खिशांत कोंबले, खिसे फाटतील असे. मी माझे काखेत दाबले. बाई बाबांच्या दोन बोटं मागे होत्या, पण हात पाठीशी. बाबांनी काठी रोवली, पाय उचलून चटईवर घेतला, सावरले. सात.

अकराव्या पावलावर दार आलं, आणि आता काय? कडी उघडायला हात एकच, आणि तोच काठीत गुंतलेला. बाबा थांबले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि मला दिसलं की ते विचार करतायत, कापड अपुरं पडलं की करायचे तसा. मग त्यांनी उजवा खांदा भिंतीला टेकवला. सगळं वजन त्या मेलेल्या बाजूवर टाकलं. ती बाजू उभी राहिली. काठी सोडली, ती चार पायांवर तशीच थांबली. डावा हात कडीकडे गेला. कडी जुनी, घट्ट. एकदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली, शिवी आली. तिसऱ्यांदा खाडकन सरकली आणि दार उघडलं. जिन्यातली हवा आत आली.

दादा रडत होता आणि हसत होता, आणि हात अजून खिशांत.

"या," बाबा मॅडमना म्हणाले.

मॅडम बाहेर पडल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळल्या. "दार मी ओढून घेऊ का?"

"नको. मी लावतो."

त्या तिथंच थांबल्या, फाइल छातीशी, दुसरा हात पाठीमागे. बाबांनी दार लोटलं. आत आम्ही चौघं, बाहेर त्या. कडीला बराच वेळ लागला. ती बसल्याचा आवाज आल्यावरच पायऱ्यांवर त्यांची पावलं वाजली.

नंतर चहा झाला. दादानं केंद्राला फोन करून जागा सोडली. मी सावकाशबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांगा. ते काज तुम्ही मुद्दाम चुकवलंत ना?"

त्या कप विसळत होत्या. "छे हो. इतक्या महिन्यांत बटण लावायची सवयच राहिली नाही."

दोन महिन्यांनी नवे तक्ते छापून आले. प्रत्येक कामापुढे आता दोन रकाने : ‘सेविकेने केले’ आणि ‘स्वतः केले’. बाई दुसऱ्यात खूण करतात. समासात लिहिणं मात्र त्यांनी सोडलेलं नाही, कारण शिव्यांना अजून रकाना नाही.

आज सकाळी फळ्यावर डॉक्टरांनी लिहिलं : १४ मिनिटं.